जिजाईचे खत

दिवाळी आणि दिवाळे हे दोन्ही शब्द दिव्यावरूनच आले, असे जुनी माणसे सांगतात. पूर्वी एखाद्याची पेढी बुडाली, म्हणजे तो भर दिवसा दुकानात दिवा लावून ठेवी, बसायची गादी उलटी करी, आणि मागणेकऱ्यांनी काय ते समजून घ्यावे, अशी चाल होती म्हणतात. ही व्युत्पत्ती खरी, की लोकांनी मागाहून जुळवलेली, हा वाद भाषापंडितांनी खुशाल घालावा. आपल्यापुरते एवढे पुरे, की जळगावच्या सराफ बाजारात किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर लक्ष्मीपूजनाच्या रात्री चोपड्यांवर कुंकू वाहणाऱ्या प्रत्येक हाताला या दोन्ही दिव्यांची ओळख असते. सणासुदीच्या अंकात दिवाळ्याची गोष्ट काढली म्हणून वाचकांनी रागावू नये. ज्या पिकावर आमच्या खानदेशची दिवाळी उभी राहते, त्या कापसाच्या भावानेच कित्येकांचे दिवाळेही काढले आहे.

मला बोलायचे आहे ते मात्र दिवाळ्याविषयी नव्हे; दिवाळ्यानंतरच्या दुसऱ्या दिवसाविषयी. माणूस बुडाला, चोपडी बंद झाली, दागिने गेले, पुढे काय? त्याला पुन्हा उभे राहायचे तर भांडवल हवे, आणि भांडवल उसने मिळायचे तर पत हवी. नेमकी तीच गेलेली असते. घर फिरले की घराचे वासेही फिरतात, ही म्हण अशा माणसाला कोणी शिकवावी लागत नाही. तेव्हा त्याला एकच वाट उरते. ज्याची पत अजून शाबूत आहे अशा कोणीतरी म्हणावे, “याला द्या. याने नाही दिले तर मी देईन.” हे म्हणणारा माणूस तो जामीन.

आपल्या साहित्यात कर्जाच्या कथांना तोटा नाही. परंतु त्या कथांत बहुधा दोनच माणसे दिसतात: रडणारा ऋणको आणि दात विचकणारा सावकार. १९२५ साली बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात ‘सावकारी पाश’ हा मूकपट काढला. हरिभाऊ आपट्यांच्या कथेवरचा तो चित्रपट, आणि त्यातला शेतकरी झाले होते तरुण व्ही. शांताराम. सावकाराने शेत गिळले आणि शेतकरी गिरणीत मजूर झाला, ही ती कहाणी. तिने काढलेली वाट पुढे इतकी मळली, की आज एखाद्या कथेत सावकार आला की शेवट काय होणार, हे माझ्या वर्गातले पोरही सांगते. त्या कथा खोट्या आहेत असे मी म्हणत नाही. १८७५ साली सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि खते जाळली, ती काही हौसेखातर नव्हे. माझी तक्रार वेगळी आहे. कर्जाच्या कागदावर पुष्कळदा तिसरी सही असते आणि आमचे लेखक ती वाचत नाहीत.

ही तिसरी सही काही आजची नव्हे. याज्ञवल्क्यस्मृतीत जामिनाचे तीन प्रकार सांगितले आहेत: माणसाला हजर करण्याची हमी घेणारा, त्याच्या सचोटीची हमी घेणारा, आणि त्याने पैसे न दिल्यास स्वतः भरणारा. मराठी दप्तरांत पाहावे तर हेच गृहस्थ यावनी पोशाख घालून येतात. हजर करणारा तो हाजिरजामीन, पैसे भरणारा तो मालजामीन, वर्तणुकीची हमी घेणारा तो फैलजामीन, आणि ते लिहून देतात तो जामीनकतबा. इतिहासाचार्य राजवाडे आयुष्यभर गावोगाव हिंडून ज्या प्रकारची रुमाले गोळा करीत राहिले आणि १९२६ च्या अखेरीस ज्या धुळ्यात त्यांनी देह ठेवला, त्या धुळ्यातले राजवाडे संशोधन मंडळ असे जुने कागद आजही सांभाळून आहे. त्या कागदांना कान असते, तर एवढ्या जामिनांची आठवण आमच्या कादंबऱ्यांना का नाही, असे त्यांनी आम्हां लेखकांना विचारले असते.

मी मॅट्रिक झालेला शाळामास्तर. कायद्याची पदवी माझ्याजवळ नाही. पण तालुक्याच्या गावी मास्तराला जामीनकीचा कायदा आपोआप पाठ होतो. महिन्याच्या महिन्याला पगार येणारा, बदली झाली तरी पळून न जाणारा आणि नाही म्हणायला लाजणारा असा दुसरा प्राणी पतपेढीला कुठे मिळणार? १८७२ चा करारांचा कायदा सांगतो, की वेगळे काही ठरले नसेल तर जामिनाची जबाबदारी मूळ कर्जदाराच्या जबाबदारीइतकीच असते. म्हणजे सावकाराने आधी कर्जदाराचे दार ठोठवावे आणि मग आपल्याकडे यावे, असा क्रम नाही. तो सरळ आपल्याच दाराशी येऊ शकतो. सहकार कायद्याच्या १०१ व्या कलमाखाली वसुलीचा दाखला निघतो, तो जामिनालाही सोडत नाही. जामिनाने पैसे भरले, तर ते कर्जदाराकडून मागून घेण्याचा हक्क त्याला मिळतो. पण ज्याच्याजवळ काही उरलेले नाही त्याच्याकडून मागायचे काय? आमच्या जळगाव जिल्ह्यात या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत कितीतरी पतसंस्था अडचणीत आल्या, तेव्हा ठेवीदारांच्या रांगांची वर्णने सर्वांनी वाचली. जामिनांच्या घरी आलेल्या नोटिसांची वर्णने कोणी लिहिली नाहीत.

दिवाळे निघालेल्यासाठी कायद्याने आणखी एक बारकावा ठेवला. १९२० च्या प्रांतिक नादारी कायद्याने ठरवले, की नादार ठरलेला आणि अजून मुक्तता न मिळालेला माणूस आपली स्थिती न सांगता पन्नास रुपये किंवा त्याहून अधिक उधारी घेईल, तर त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. दुसरे कलम असे, की अशा माणसाला न्यायालयाने कर्जातून मोकळे केले, तरी त्याचा जामीन मोकळा होत नाही. बुडालेला माणूस किनाऱ्याला लागतो आणि त्याला हात देणारा पाण्यातच राहतो. कादंबरीकाराला याहून मोठे कथाबीज कोणते हवे?

एक अनुभव सांगतो. आमच्या भागातला एक कापसाचा अडत्या दोन वर्षांच्या मंदीत पार बसला. पुढे सरकी-पेंडीचे लहानसे दुकान टाकण्यासाठी त्याला कर्ज हवे होते, आणि जामीन म्हणून त्याने माझे नाव सुचवले. मी घरी विषय काढला. आमच्या मंडळींनी कणीक मळता मळता एवढेच विचारले, “भाऊंच्या घरी वहिनींना हे ठाऊक आहे ना?” दुसऱ्या दिवशी मी भाऊंना तेच विचारले. तेव्हा कळले, की वहिनींनी आपली पोत आधीच मोडली होती आणि पहिल्या जामिनाच्या रकान्यात त्यांचाच अंगठा होता. मी दुसरा. मी सही केली. तीन वर्षे दर महिन्याच्या दहा तारखेला माझ्या छातीत थोडे धडधडे. पुढे ते कर्ज फिटले. मात्र फिटल्याचे मला पाच-सहा महिन्यांनी बाजारात सहज बोलता बोलता कळले. मी त्यांना दोष देत नाही. जामीन अडकला तर ती बातमी होते. सुटला तर कोणाला सांगायची आठवणही होत नाही. आमच्या साहित्यात जामीन का दिसत नाही, याचे एक कारण मला त्या दिवशी उमगले. त्याची चांगली कथा घडते, तेव्हा काहीच घडत नाही.

आता ज्या कथेसाठी हा लेख लिहायला घेतला, तिच्याकडे वळतो. दिवाळ्यानंतर दुसऱ्याच्या पतीवर काढलेल्या कर्जाची मराठीतली सर्वांत मोठी कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत, आणि तरीही ती कर्जाची कथा आहे हे आपल्या ध्यानात येत नाही. ती देहूची आहे.

तुकोबांचे घर वाण्याचे, महाजनकीचे. वडील गेले, थोरला भाऊ विरक्त होऊन निघून गेला, प्रपंचाचा भार कोवळ्या वयात शिरावर आला. पुढे १६३० च्या सुमाराचा तो भयंकर दुष्काळ. व्यवहार बुडाला, मान गेला, पहिली बायको अन्नावाचून मेली. हे सारे तुकोबांनी स्वतःच आपल्या अभंगांत सांगितले आहे. दिवाळे निघाल्यानंतरची जी कथा, ती मात्र परंपरेची. ताहराबादच्या महिपतीने ‘भक्तविजय’ (१७६२) आणि ‘भक्तलीलामृत’ (१७७४) या दोन्ही ग्रंथांत तुकोबांचे चरित्र गायिले, आणि तिथून ती कीर्तनकारांच्या मुखी आली. तुकोबांना कोणी दमडी देईना, तेव्हा दुसरी पत्नी जिजाई हिने आपल्या नावाचे खत लिहून दिले आणि दोनशेंचे भांडवल उभे केले. तुकोबांनी मीठ घेतले, बालेघाटाकडे नेऊन विकले, दोनशेंचे अडीचशे झाले. परतताना वाटेत देण्यापायी गांजलेला एक ब्राह्मण भेटला. त्याचे दुःख पाहवेना, म्हणून तुकोबांनी ती सारी रक्कम त्याला देऊन टाकली आणि रिकाम्या हाताने घरी आले.

कीर्तनात इथे टाळ्या पडतात. मग बुवा जिजाईचा आवाज काढतात, तिची आदळआपट करून दाखवतात, आणि मंडपात हशा पिकतो. मी ऐकलेल्या एकाही कीर्तनात कोणी विचारले नाही, की त्या दोनशेंच्या खताचे पुढे काय झाले.

याज्ञवल्क्याचाच आणखी एक नियम येथे आठवतो. विभक्त न झालेल्या नवराबायकोत एकमेकांसाठी जामीनकी होत नाही, असे तो म्हणतो. शास्त्र म्हणून ते रास्तच आहे. दोघांची चूल एक, तर एकाने दुसऱ्याची हमी देण्याला अर्थ काय? म्हणजे जिजाई शास्त्राप्रमाणे जामीनही नव्हती. नवऱ्याचे नाव चालेना म्हणून तिने आपले नाव पुढे केले. हमीही तिची आणि कर्जही तिचेच. ते नाव चालले कसे? ती पुण्याच्या अप्पाजी गुळव्यांची लेक, आणि गुळवे सावकार. देणाऱ्याने तिच्या खतामागे तिच्या माहेराची पत पाहिली असावी, असा माझा तर्क आहे. दिवाळे निघालेल्या घरात सुनेच्या माहेरचे नाव ही शेवटची न मोडलेली वस्तू असते. जिजाईने ती मोडून नवऱ्याच्या हातात दिली.

तुकोबांच्या करुणेला बोट लावण्याचा अधिकार मला नाही, आणि तशी इच्छाही नाही. समोरचा ऋणको बांधला गेलेला पाहून ज्याला आपले देणे आठवत नाही, असा माणूस शतकातून एखादाच जन्मतो. परंतु समीक्षकाने हिशेब मांडलाच पाहिजे. एका कर्जदाराला सोडवण्यासाठी जो पैसा गेला, तो दुसऱ्या कर्जदाराचा होता, आणि ती घरी वाट पाहत होती. पुढे तुकोबांनी घरातली खते काढली, अर्धी धाकट्या कान्होबाला दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडली. केवढे उदात्त कृत्य! मात्र ती खते होती लोकांकडून येणे असलेल्या पैशाची. जिजाईचे खत त्यांत असणे शक्यच नव्हते. आपण लिहून दिलेले खत सावकाराच्या पेटीत असते. ते नदीत सोडता येत नाही, फेडूनच परत घ्यावे लागते. तेव्हा तिचा त्रागा हा कजाग बाईचा त्रागा नव्हे. तो तगाद्याला एकटीने तोंड देणाऱ्या जामिनाचा आवाज आहे. कथा तीच, शब्द तेच. फक्त या एका दृष्टीने ऐका, म्हणजे हशा घशातच राहील.

आमच्या परंपरेला जामीनकीचे वावडे होते म्हणावे, तर तसेही नाही. त्याच ‘भक्तविजया’त दामाजीपंतांची कथा आहे. मंगळवेढ्याच्या दामाजींनी दुष्काळात बादशहाची कोठारे रयतेला वाटली, तेव्हा विठोबाने विठू महाराच्या वेषात बेदरला जाऊन त्यांचा भरणा केला. नरसी मेहत्याने द्वारकेच्या सावळशेटवर हुंडी लिहिली, ती देवाने सावकार होऊन पटवली. या दोन्ही कथांत कफल्लक माणसाच्या मागे कोणीतरी आपली पत उभी करतो, आणि त्या दोन्ही कथा आपण भक्तीने ऐकतो. देव भरणा करतो तेव्हा तो चमत्कार ठरतो. बायको भरणा करते तेव्हा ती कटकट ठरते. विठूला पावती लिहून मिळाली. जिजाईची पावती अजून कोणी लिहिलेली नाही.

तिच्याकडे थोडे तरी सरळ नजरेने पाहिले ते, माझ्या मते, एका चित्रपटाने. १९३६ साली प्रभात कंपनीने विष्णुपंत दामले आणि फत्तेलाल यांच्या दिग्दर्शनाखाली ‘संत तुकाराम’ काढला. विष्णुपंत पागनीस तुकाराम झाले आणि गौरी नावाच्या नटीने जिजाई केली. त्या जिजाईच्या पायाखाली जमीन आहे. तिला मुलांच्या पोटाची काळजी आहे, ती देवाशीही भांडते, आणि तिचे भांडण पाहताना आपण तिच्या बाजूला झुकतो. चित्रपटातही तिच्या खताचा हिशेब नाही, पण ज्या घरात असा हिशेब करावा लागतो ते घर मात्र आहे. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला.

व्हेनिसचे नाव निघाले की शेक्सपिअरचे नाटक आठवणारच, आणि योगायोग असा, की ते नाटकही याच व्यवहाराचे आहे. बॅसानियोने आपली मालमत्ता उधळली, मित्राचे आधीचे देणेही तसेच राहिले, आणि आता त्याला पुन्हा कर्ज हवे. शायलॉक तीन महिन्यांच्या बोलीने तीन हजार डुकाट देतो, ते अँटोनियोच्या हमीवर. आणि हमी कसली, तर शेरभर मांसाची. शाळेत हे नाटक शिकवताना आपण सारा वेळ शायलॉकचा सूड आणि पोर्शियाचे चातुर्य यांत घालवतो. पण नाटकाचे नाव पाहा. व्हेनिसचा तो व्यापारी म्हणजे शायलॉक नव्हे, तो अँटोनियो. शेक्सपिअरने नाटकाला नाव दिले ते जामिनाचे. जहाजे बुडाल्याची बातमी येते तेव्हा ज्याने पैसे खर्च केले तो दूर बेलमाँटला लग्नाच्या आनंदात असतो, आणि ज्याने एक पैसाही हाताळला नाही त्याच्या छातीवर सुरी येते. जामीनकीचे सगळे मर्म या एका प्रसंगात आहे. शेवटी सोडवायला येते तीही बायकोच. फरक इतकाच, की पोर्शियाला न्यायालयात बोलायला मिळाले.

आता पुन्हा आपल्या खानदेशात येऊ. साने गुरुजी अमळनेरच्या शाळेत मास्तर होते. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली आणि १९३५ साली ती प्रसिद्ध झाली. कथा कोकणातली असली, तरी तिच्यावर आमचा अर्धा हक्क आहे असे आम्ही खानदेशी मास्तर समजतो. त्या पुस्तकात कर्ज श्यामच्या वडिलांचे आहे, पण वसुलीला आलेल्या माणसाचे अपमानाचे शब्द आईला ऐकावे लागतात. कोणत्याही कागदावर तिची सही नाही. तरी भरणा ती करते: दागिन्याने, कष्टाने, शेवटी देहाने. श्यामच्या आईला वाचकांनी डोक्यावर घेतले आणि जिजाईला हसण्यावारी नेले. या दोघींत मला जे अंतर दिसते ते एवढेच, की एकीने सोसले आणि दुसरीने सोसताना तोंड उघडले. जामिनाने मुकाट्याने भरावे अशी आपली अपेक्षा असते. त्याने ‘माझे पैसे कुठे गेले’ असे विचारले, की तो हलका ठरतो.

मला ही अपेक्षा अन्यायाची वाटते, आणि ती साहित्यापुरती राहत नाही म्हणून अधिकच वाटते. दिवाळे निघालेल्या माणसाला दुसरी संधी मिळाली पाहिजे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. ती संधी कोणाच्या तरी विश्वासावर मिळते आणि तसा विश्वास टाकणारी माणसे अजून आहेत, म्हणून तर गावे चालतात. पण त्या विश्वासाला किंमत असते आणि ती कोण भरतो हे दिसत राहिले पाहिजे. दानाच्या कथेत दाता दिसतो, उद्धाराच्या कथेत उद्धरलेला दिसतो. भांडवल ज्याच्या नावावर उचलले तो दिसत नाही, तोवर ती कथा अपुरीच समजावी. सज्जनातला सज्जन माणूसही दुसऱ्याच्या पतीवर उदार होऊ शकतो, हे जिजाईची कथा आपल्याला चारशे वर्षे सांगते आहे.

तेव्हा माझ्या लेखकबंधूंना विनंती अशी, की सावकार आता पुष्कळ रंगवून झाला. एकदा तिसऱ्या सहीकडे पाहा. आणि वाचकहो, आपल्याला विनंती त्याहून सोपी आहे. या दिवाळीत घरच्या चोपडीवर किंवा बँकेच्या पुस्तकावर हळदकुंकू वाहाल, तेव्हा ती चोपडी पहिल्यांदा उघडली त्या वेळी कोणी सही केली होती, कोणी अंगठा दिला होता, कोणाची पोत मोडली होती, हे मुलांदेखत एकदा विचारा. ते कर्ज फिटून वर्षे झाली असतील, तरी त्या माणसाच्या घरी फराळाचे ताट पाठवा, आणि “तुमची जामीनकी फिटली हो” असे स्वच्छ शब्दांत सांगून या. कदाचित ते ताट फार दूर न्यावे लागणार नाही. ते आपल्याच स्वयंपाकघरात, चकल्या तळत बसलेल्या हातांपुढे ठेवावे लागेल.